‘शक्यतो वादात नसलेलं नाव सुचवावं’

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमचं एक जुनं मराठी मंडळ आहे. गणपती, कोजागरी, संक्रांतीचं हळदीकुंकू, दिवाळी पहाट हे सगळं रीतसर होतं, आणि वर्षातून एकदा एक पुरस्कार दिला जातो. समाजात शांतता आणि न्याय यांसाठी झटणाऱ्या व्यक्तीला. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि 21,000 रुपये. गेली तीन वर्षं मी त्याच्या निवड समितीत आहे. नावं मागवण्यासाठी जे पत्रक निघतं त्याच्या शेवटी एक ओळ असते : ‘शक्यतो वादात नसलेलं नाव सुचवावं.’ ही ओळ कुणी घातली, कधी घातली, हे आता कुणालाच आठवत नाही. पहिल्या वर्षी मी ती वाचून पुढे गेले. दुसऱ्या वर्षी ती खुपली. या वर्षी ती काढून टाकावी असं मी समितीपुढे मांडणार आहे. त्यामागचं म्हणणं इथे सविस्तर लिहिते, कारण ही ओळ काही आमच्या एकट्या मंडळाची नाही. छापलेली नसली तरी देशोदेशीच्या पुरस्कारांच्या समित्यांमध्ये ती बसलेली असते.

गेल्या वर्षी शेवटी दोन नावं उरली होती. एक गृहस्थ निवृत्त झाल्यापासून इस्पितळाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना रोज दुपारी जेवण देतात. मी स्वतः पाहिलं आहे. पोळ्या गरम असतात, वाढणारा माणूस कुणाला जात विचारत नाही, आणि पावसाळ्यातही खंड पडत नाही. दुसरं नाव होतं ग्वाल्हेरच्याच मुरार भागात राहणाऱ्या एका बाईंचं. साठी उलटलेली. वनहक्क कायदा लागू झाला तेव्हापासून त्या सहरिया आदिवासींच्या वस्त्यांवर जातात, जमिनीच्या पट्ट्यांचे दावे भरून घेतात, ते फेटाळले गेले की साठ दिवसांची मुदत संपायच्या आत अपील करतात.

अण्णा आमच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी दोन्ही फाइली पुढ्यात ठेवल्या, बाईंची मिटली आणि म्हणाले, “वहिनी, बाई सोन्यासारख्या आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्यावर केस चालू आहे ना? उद्या पेपरात काही आलं तर मंडळाचं नाव निघायचं. निकाल लागू दे, मग बघू.” केस होती धरणं धरताना रस्ता अडवल्याची. कुणी काही बोललं नाही. मी एकदा म्हटलं की गुन्हा काही चोरीचा नाही. त्यावर एक काका म्हणाले, “चोरीचा नाही, पण वादग्रस्त आहेच ना.” आणि मी गप्प बसले. जेवण देणाऱ्या गृहस्थांसाठी सगळ्यांबरोबर माझाही हात वर गेला. त्यांना पुरस्कार मिळाला याचं मला वाईट वाटत नाही. मी गप्प बसले, याचं वाटतं.

त्यानंतर महिनाभराने मी त्या बाईंबरोबर एक दिवस गेले. बसने, मग टेम्पोने, मग चालत. वस्तीवर एक म्हातारे गृहस्थ आमची वाट बघत बसले होते. वनहक्काच्या दाव्याला सरकारी कागदच लागतो असं नाही. जुनी विहीर, घातलेला बांध, स्मशान, देवाची जागा हे पुरावे म्हणून चालतात, आणि गावातल्या वृद्धाचा लेखी जबाबही चालतो. हे नियमातच लिहिलेलं आहे. आजोबांनी दगडाने बांधलेली एक विहीर दाखवली, कुणी खणली ते सांगितलं, शेजारच्या टेकाडावर कुणाकुणाला पुरलं त्यांची नावं घेतली. बाई वहीत लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. एका नावापाशी आजोबांनी थांबवलं, तो मुलगा धाकटा नव्हता, मधला होता. बाईंनी ते खोडून नीट केलं, पुन्हा वाचलं, मग अंगठा घेतला आणि शाईने माखलेला तो अंगठा स्वतःच्या पदराने पुसला. दुपारी तहसिलीत आलो. तिथे अर्ज दिल्यावर आवक शिक्का मारलेली प्रत हातात पडेपर्यंत त्या खिडकीपासून हलल्या नाहीत. पाऊण तास उभ्या होत्या. खिडकीशेजारी एक खुर्ची रिकामी होती.

आता त्या ‘वादग्रस्त’ शब्दाकडे येते.

भुकेल्याला जेवण द्यायचं तर कुणाचं काही काढून घ्यावं लागत नाही. म्हणून त्या कामाला शत्रू नसतो. न्यायाचं तसं नाही. न्याय मागायचा म्हणजे कुणाकडून तरी मागायचा. ज्याच्याकडून मागायचा तो समोर उभा असतो, त्याला ते आवडत नाही, तो पोलिसांत जातो, वकील लावतो, ओळखी काढतो. वाद तिथेच सुरू होतो. वादात नसलेला न्याय कधी कुणी मिळवून दिला असेल तर तो मला माहीत नाही. जी समिती वाद नको म्हणते ती ‘न्याय’ हा शब्द पत्रकावर ठेवते आणि नावांच्या यादीतून काढून टाकते. मग उरते शांतता. तीही कशी, तर कुणालाच त्रास होणार नाही अशी.

आणि शांतता न्यायाला सोडून उभी राहत नाही, हे आम्हा ग्वाल्हेरकरांना कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. चंबळ आमच्या उशाशी आहे.

बाहेरचे लोक आणि वर्तमानपत्रं ‘डाकू’ म्हणत, पण भिंड-मुरैनाच्या गावांमध्ये शब्द आहे ‘बागी’. बागी म्हणजे बंड करून निघालेला. त्या शब्दात थोडं कौतुक आहे आणि ते मला पटत नाही, कारण बंदुकीच्या धाकाने माणसं पळवून नेणं याला बंड म्हणता येणार नाही. पण तो शब्द आला कुठून हे समजून घ्यायला हवं. यांतल्या कितीतरी जणांची गोष्ट जमिनीपासून सुरू होते. शेताची मेड (बांध) सरकते, खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) नाव भलत्याचंच चढतं, पटवारी दुसऱ्या बाजूचा निघतो, ठाण्यात रपट लिहून घेत नाहीत. मग एके दिवशी कुऱ्हाड चालते, खून पडतो, आणि माणूस बीहडात, चंबळकाठच्या दऱ्याखोऱ्यांत, उतरतो. पुढे तो काय करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागे काय झालं होतं, याच्या नोंदी तहसिलीत पडून राहतात.

मे 1960 मध्ये विनोबा या भागात पायी फिरले. नावाजलेला बागी मानसिंह, त्याचा मुलगा तहसीलदारसिंह तुरुंगात फाशीच्या शिक्षेची वाट पाहत होता, त्याने पत्र पाठवून त्यांना बोलावलं होतं. मेजर जनरल यदुनाथसिंह मध्यस्थी करत होते. वीस बागींनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली. गागोद्यात जन्मलेला, अंगावर पंचा नेसलेला एक मराठी माणूस दऱ्याखोऱ्यांतून चालत गेला आणि माणसं बंदुका ठेवून त्याच्यामागे आली, ही गोष्ट आमच्या घरांमध्ये अजून सांगतात. पोलीस खात्यातून तेव्हा यावर उघड टीका झाली, हे मात्र सांगत नाहीत. म्हणजे विनोबाही वादात होतेच. पुढे 14 एप्रिल 1972 रोजी मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाशजींच्या उपस्थितीत, गांधीजींच्या तसबिरीपुढे, मोहरसिंह आणि माधोसिंह यांच्यासारख्या नावाजलेल्या टोळीप्रमुखांनी शस्त्रं ठेवली. गांधीवादी कार्यकर्ते सुब्बारावजी यांचा गांधी आश्रम तिथलाच. पुढे शरण आलेल्यांसाठी मुंगावलीला खुलं कारागृह झालं.

हे काम मोठंच आहे. पण लहानपणापासून त्या समारंभाची वर्णनं ऐकताना माझ्या मनात एक बाई यायची. जिचा नवरा किंवा मुलगा या टोळ्यांनी मारला, ती त्या दिवशी कुठे होती? व्यासपीठापुढच्या गर्दीत उभी होती का? बंदूक ठेवणाऱ्याच्या गळ्यात हार पडताना पाहून तिला काय वाटलं असेल? शांतता झाली, यात शंका नाही. त्या बाईच्या गावचा रात्रीचा धाक गेला. पण तिला न्याय मिळाला का, हा प्रश्न त्या हारांखाली राहून गेला. आणि दुसराही एक प्रश्न राहिला. ज्या खसऱ्यावरून माणसं बीहडात उतरली तो खसरा तसाच होता.

तो दुसरा प्रश्न हातात घेणारा माणूस याच आश्रमातून पुढे आला. पी. व्ही. राजगोपाल मूळचे केरळचे, कथकली शिकलेले. चंबळमध्ये आले ते शरण आलेल्या बागींच्या पुनर्वसनाच्या कामात तरुण कार्यकर्ता म्हणून. तिथून ते जमिनीकडे वळले, आणि मला ते वळण अगदी सरळ वाटतं. ज्याने बंदुकीचं मूळ पाहिलं तो बंदुका गोळा करून थांबणार नाही. त्यांची एकता परिषद 2 ऑक्टोबर 2007 ला पंचवीस हजार भूमिहीनांना घेऊन ग्वाल्हेरहून दिल्लीला पायी निघाली. सरकारने पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली भूमिसुधार परिषद नेमली. पाच वर्षं गेली तरी तिची बैठकच झाली नाही. म्हणून ऑक्टोबर 2012 मध्ये लोक पुन्हा निघाले, पुन्हा ग्वाल्हेरहूनच, आमच्या मेळा मैदानातून.

त्या वेळी मी आणि माझ्या शेजारणी गोले का मंदिर चौकाजवळ पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या होतो. हजारो लोक असूनही रस्ता बंद नव्हता. अर्ध्या रस्त्यावरून रांगा चालल्या होत्या, अर्ध्यावरून ट्रक. हातात हिरवे-पांढरे झेंडे, डोक्यावर बोचकी. एक बाई रांगेतून बाहेर आली. मी पेला पुढे केला तर तिने मान हलवली आणि पायाकडे बोट दाखवलं. रबरी चपलेचा अंगठा निघाला होता. तिला पाणी नको होतं, सुतळी हवी होती. माझ्याकडे सुतळी नव्हती. मी घागरीच्या तोंडावरच्या फडक्याची काठाची पट्टी फाडून दिली. तिने ती दोन गाठी मारून चपलेला बांधली, एकदा पाय आपटून पाहिला आणि पळत आपल्या रांगेत जाऊन मिळाली. आग्र्यापर्यंतचा रस्ता होता. 11 ऑक्टोबरला तिथे सरकारने दहा मुद्द्यांच्या करारावर सही केली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय भूमिसुधार धोरणाचा मसुदा निघाला. धोरण काही अमलात आलं नाही.

राजगोपाल यांना 2023 मध्ये जपानचा निवानो शांतता पुरस्कार मिळाला. काम अर्धवट असताना, करार कागदावर असताना. टोकियोच्या समितीने निकालाची वाट पाहिली नाही. निवानो पुरस्कार 1983 पासून दिला जातो आणि पहिल्या वर्षी तो मिळाला होता ब्राझीलचे आर्चबिशप हेल्डर कामारा यांना. त्यांचं एक म्हणणं जगभर सांगितलं जातं : मी गरिबाला जेवण देतो तेव्हा लोक मला संत म्हणतात, आणि गरिबाकडे जेवण का नाही असं विचारतो तेव्हा मला कम्युनिस्ट म्हणतात. आमच्या समितीपुढच्या त्या दोन फाइली याच वाक्याच्या दोन बाजू होत्या.

मराठी माणसाला तर याचं उदाहरण ब्राझीलहून आणायला नको. बाबा आमटे आहेत. आनंदवनात त्यांनी कुष्ठरुग्णांबरोबर आयुष्य घातलं, त्यासाठी 1971 मध्ये पद्मश्री, 1985 मध्ये मॅगसेसे, 1986 मध्ये पद्मविभूषण, असे सन्मान येत राहिले. सरकारं, उद्योगपती, परदेशी संस्था, सगळे त्यांच्यापुढे नम्र होते. मग 1990 मध्ये, पंच्याहत्तरीत, पाठीचं दुखणं घेऊन, ते आनंदवन सोडून आमच्या मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बडवानीजवळ कसरावदला येऊन राहिले. धरणात बुडणाऱ्या गावांच्या बाजूने. तोच माणूस होता, तीच करुणा होती. पण आता त्यांच्या करुणेला प्रतिपक्ष होता, आणि ताबडतोब ते वादग्रस्त झाले. विकासाला आडवे येतात, असं त्यांच्याविषयी लिहिलं गेलं. आदिवासींवर झालेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ त्यांनी 1991 मध्ये दोन्ही पद्म सन्मान परत केले. त्याच वर्षी स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना, मेधा पाटकरांना आणि नर्मदा बचाव आंदोलनाला मिळाला. कुष्ठरुग्णाच्या जखमा धुणारे बाबा आम्हाला पाठ आहेत. कसरावदचे बाबा आमच्या भाषणांमध्ये येत नाहीत. आमच्या मंडळाने बाबांची पुण्यतिथी केली तेव्हा तासाभराच्या कार्यक्रमात नर्मदेचा उल्लेखही झाला नाही. मी तिथेच बसले होते.

आमची ही भीती जुनी आहे आणि मोठमोठ्या शहरांनी ती दाखवली आहे. अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन लूथर किंग यांना 1964 चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. कितीदा तरी तुरुंगात जाऊन आलेले. पुरस्कार जाहीर झाल्यानंतरच्याच महिन्यात एफबीआय या तिथल्या तपास संस्थेच्या प्रमुखांनी त्यांना जाहीरपणे खोटारडा म्हटलं. त्यांचं स्वतःचं गाव अटलांटा. तिथे त्यांच्या सत्काराचं जेवण ठरलं, तर शहरातली बडी व्यापारी मंडळी तिकिटं घेईनात, कारण काळे-गोरे एका पंगतीला बसणार होते. कोका-कोला कंपनीच्या धुरीणांनी कान उपटले तेव्हा सभागृह भरलं. पुरस्कार घेऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच 1 फेब्रुवारी 1965 ला किंग यांना सेल्मामध्ये पुन्हा अटक झाली. मार्चमध्ये त्याच गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांवर लाठ्या पडल्या. ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला. ओस्लोच्या नोबेल समितीने ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हटलं असतं तर तो पुरस्कार कायदा झाल्यावर मिळाला असता, सगळं निवळल्यावर, आणि सेल्माच्या त्या पुलावर चालणाऱ्यांच्या काहीच उपयोगी पडला नसता.

तीच ओस्लोची समिती गांधीजींच्या बाबतीत थांबत राहिली. 1937, 1938, 1939, 1947 आणि 1948 अशा पाच वर्षी त्यांचं नाव सुचवलं गेलं होतं. 1948 मध्ये समितीने कुणालाच पुरस्कार दिला नाही, योग्य असा हयात उमेदवार नाही म्हणून. जानेवारीतच गांधीजींचा खून झाला होता. ज्या पिस्तुलाने तो झाला ते दोन दिवस आधी ग्वाल्हेरहून नेलं होतं, खटल्याच्या नोंदींत ते आहे. नेणारे मराठी बोलणारे होते. शांततेचा पुरस्कार देणाऱ्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाला हे विसरून चालणार नाही. ज्यांना आपल्या गावात, आपल्याच भाषेत, ‘वादग्रस्त’ म्हटलं जातं त्यांच्या बाजूने वेळेवर उभं राहण्याचं ऋण आपल्यावर इतरांपेक्षा जास्त आहे, असं मी मानते.

अण्णांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मात्र मी म्हणणार नाही. काम चालू असताना पुरस्कार दिला आणि तो चुकला, असंही घडलेलं आहे. 1973 मध्ये व्हिएतनामच्या युद्धबंदीसाठी अमेरिकेचे किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे ले डक थो यांना नोबेल जाहीर झालं. ले डक थो यांनी ते नाकारलं, माझ्या देशात अजून शांतता आलेली नाही म्हणून. समितीच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. युद्ध पुढे 1975 पर्यंत चाललं. पण ही चूक घाई केल्याची नव्हती. ज्यांच्या हातात सैन्य होतं त्यांच्या सहीला शांततेचं काम समजलं गेलं. किंग यांच्या हातात सैन्य नव्हतं. मुरारच्या बाईंच्या हातात तर एक वही आणि शाईचा डबा आहे. माणूस वादात आहे का, हे पाहण्याऐवजी तो वादात कुणाच्या बाजूला आणि कशा रीतीने उभा आहे, हे समितीने पाहावं. त्याने हात उगारला का? खोटं बोलून गर्दी जमवली का? ज्यांच्यासाठी लढतो म्हणतो ते लोक त्याला ओळखतात का, आणि कॅमेरे गेल्यावर तो तिथे दिसतो का? हे कळायला कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. बसने, मग टेम्पोने, मग चालत जावं लागतं. निवड समितीतल्या प्रत्येकाने सुचवलेल्या माणसाच्या कामावर एक दिवस जावं, असा नियमच करावा. तीन वर्षांत निवडीआधी त्यासाठी म्हणून आम्ही कुणीही एकदाही गेलो नव्हतो. घरच्या चहावर फाइली वाचून आम्ही माणसं ठरवली.

केसबद्दल एक गोष्ट राहिली. न्यायाच्या कामात केस ही काही वेळा विरोधकाच्या हातची साधी युक्ती असते. निकाल लागायला दहा वर्षं लागतात हे त्यालाही माहीत असतं. तेवढ्या काळात तो माणूस ‘केस चालू असलेला’ म्हणून ओळखला जातो, आणि आपल्यासारखी मंडळं त्याच्याकडे पाठ फिरवतात. अण्णांना मंडळाचं नाव जपायचं आहे. पण अशाने आपण नकळत त्या विरोधकाचं काम करून देतो, हे त्यांना मी या वेळी सांगणार आहे.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे, आणि तो त्या बाईंनीच मला ऐकवला. परतीच्या बसमध्ये मी भीतभीत पुरस्काराचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, माझं एकटीचं नाव झालं तर वस्तीतली पोरं मागे सरतील. आत्ता ती स्वतः खिडकीवर जायला लागली आहेत.” याला माझ्याकडे झटकन उत्तर नव्हतं. हजारो लोक चालतात आणि शाल एकाच्या खांद्यावर पडते. 2012 मधल्या त्या चपलेवाल्या बाईचं नाव कुठल्याच मानपत्रावर येणार नाही, मलाही ते विचारायचं सुचलं नाही. सन्मान एकट्याला उचलतो आणि चळवळीला चेहरा देतो, पण त्या चेहऱ्याआड बाकीचे झाकले जातात. याचा इलाज पुरस्कार बंद करणं हा नाही असं मला वाटतं, कारण नाव झाल्याने संरक्षणही मिळतं. ज्याचं नाव चार लोकांना माहीत आहे त्याला रात्री उचलून नेणं अवघड जातं. तहसिलीत त्याला निदान बसा म्हणतात. पण देण्याची रीत बदलता येईल. वस्तीच्या नावाने द्या. ज्या पाच-सहा मुलांना बाईंनी खिडकीवर जायला शिकवलं त्यांना मंचावर बसवा. समारंभ लश्करच्या सभागृहातच हवा असंही नाही. वस्तीवर करा, तिकडे जायला बस लावा, मंडळाच्या सभासदांना एकदा तो रस्ता पाहू दे.

पैशाचं सांगायचं तर हिशेब मी पाहिला आहे. पुरस्कार 21,000 चा, आणि हारतुरे, मांडव, ध्वनिक्षेपक, प्रमुख पाहुण्यांचा जाण्यायेण्याचा खर्च, भोजन, हे सगळं त्याच्या दुपटीवर जातं. भोजन कमी केलं तरी कुणी उपाशी परतणार नाही. एका दाव्यामागे झेरॉक्स, टेम्पोभाडं आणि मजुराचा बुडालेला दिवस एवढं लागतं. मानपत्रही बदलायला हवं. आमचं मानपत्र म्हणजे ‘सौजन्यमूर्ती’, ‘सेवाव्रती’, ‘निष्काम कर्मयोगी’. नाव बदललं की पुढच्या वर्षी तेच चालतं. त्याऐवजी काय केलं ते लिहा. किती दावे भरले, किती फेटाळले गेले, कशामुळे, किती अपिलात परत मिळाले. फेटाळलेल्या दाव्यांचा प्रश्न किती मोठा आहे हे फेब्रुवारी 2019 मध्ये सगळ्या देशाला कळलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने अशा दावेदारांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्याच्या आत त्याला स्वतःच स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात वस्त्यांवर कुणाला झोप लागली नव्हती, असं बाई सांगत होत्या. हे मानपत्रात आलं तर ऐकणाऱ्याला न्याय म्हणजे काय हे समजेल.

आणि एखाद्या वर्षी योग्य माणूस सापडला नाही तर पुरस्कार देऊ नये. भारत सरकारच्या गांधी शांतता पुरस्कारातही 2005 मध्ये डेस्मंड टूटू यांच्यानंतर थेट 2013 मध्ये चंडीप्रसाद भट्ट यांचं नाव येतं. खंड पडण्याची मला हरकत नाही. पण का दिला नाही हे लोकांना सांगावं. एक कोटीचा पुरस्कार असो की एकवीस हजारांचा, तो लोकांच्या वतीने दिला जातो.

समितीची बैठक येत्या रविवारी आहे. त्या बाईंच्या केसची तारीख पुन्हा पुढे गेली, निकाल लागलेला नाही. आजोबांचा दावा उपखंड समितीपर्यंत पोहोचला आहे. मी दौलतगंजातून एक जाड फाइल आणली आहे आणि त्यात त्या जबाबाची प्रत लावली आहे, आवक शिक्क्यासकट. अण्णांना काल फोन करून सांगितलं की नाव तेच सुचवते आहे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बस किती वाजता असते?”